बुधवार लागला की

रविवार, ३ तारीख

ताई,

पाकिटावरचं अक्षर ओळखलंस की नाही? तूच म्हणायचीस, आमचा ढापण्या चालतो वाकडा पण लिहितो सरळ. अजून सरळच लिहितो. चष्मा मात्र आणखी जाड झालाय आणि चाल आणखी वाकडी, पण ते तुला तिथून दिसायचं नाही म्हणून सांगून टाकलं.

अकरा वर्षांनी लिहितोय, तेव्हा सुरुवात कुठून करायची हा प्रश्न होताच. शेवटी ठरवलं की माफी वगैरे मधल्या भागात घालावी. अवघड कलम पहिल्या पानावर ठेवायचं नसतं, हा आमच्या धंद्यातला धडा. बाबा गेले ते तुला कुणाकडून तरी कळलं असेल. चार वर्षं झाली. मधे तुझी तीन पत्रं आली होती, ती बाबांनी परत पाठवली. आता तेच नाहीत, तर कुणाला जाब विचारायचा? सोड.

मी काय करतो ते सांगतो. आपल्या आणि तुमच्या काठात समेट घडवायला जे परदेशी पाहुणे आलेत, त्यांच्या कचेरीत मी मसुदे लिहितो. दोन्हीकडची माणसं दिवसभर भांडतात, आणि भांडून जे उरतं ते मी वाक्यात बसवतो. बोलणी चालतात ती जागा म्हणजे बंद पडलेला डोळ्यांचा दवाखाना. भिंतीवर अक्षरांचा तक्ता अजून तसाच आहे, वर मोठी, खाली बारीक होत गेलेली. तुमच्याकडचे प्रमुख कंटाळले की सगळ्यात खालची ओळ मोठ्याने वाचून दाखवतात. आमच्याकडच्या प्रमुखांना वरून तिसऱ्या ओळीच्या पुढे दिसत नाही, त्यामुळे ते तक्त्याकडे पाठ करून बसतात. यावरूनही एकदा बोलणी मोडायची वेळ आली होती.

आणखी एक गंमत. दोन्हीकडचे स्वतःला 'अलीकडचे' म्हणवतात आणि समोरच्याला 'पलीकडचे'. त्यामुळे कराराच्या पहिल्याच ओळीत गाडं अडलं. मी 'उत्तर काठ, दक्षिण काठ' लिहून दिलं. नदीला कुणाचीच बाजू नसते, म्हणून खपलं.

पण खरी लढाई झाली ती वेळेवरून. बंदुका कुठे जमा करायच्या ते एका दुपारी ठरलं. कैदी कसे सोडायचे ते दोन दिवसांत ठरलं. बुधवारपासून युद्धबंदी हेही ठरलं. आणि मग बुधवार सुरू कधी होतो यावर तीन दिवस गेले. आपल्याकडे उजाडलं की दिवस. तुमच्याकडे सूर्य मावळून दिवे लागले की पुढचा दिवस. लहानपणी नदीकाठी उभे राहून आपण तिकडच्या पोरांना चिडवायचो आठवतं? "यांचा उद्या आजच येतो!" तेच आता दोन दाढीवाले, पोक्त धर्मगुरू एकमेकांना फक्त मोठ्या शब्दांत म्हणत होते. आमच्याकडचे म्हणाले, अंधारात सुरू केलेलं काम देवाला दिसत नाही. तुमच्याकडचे म्हणाले, अर्धा दिवस संपल्यावर सुरू केलेलं काम देव अर्धंच धरतो. परदेशी दूतसाहेब बिचारे दोघांकडे आळीपाळीने पाहत होते. त्यांच्या देशात दिवस मध्यरात्री सुरू होतो. ते सांगायची त्यांची हिंमत झाली नाही.

शेवटी काल मी एक शब्द सुचवला. 'बुधवार लागताच.' आई कशी 'बुधवार उजाडला' म्हणते, आणि तुमच्याकडे 'बुधवार लागला' म्हणतात. पण लागणं आपल्यालाही परकं नाही. महिना लागतो, सुट्टी लागते, उन्हाळा लागतो. त्या शब्दाला नाही कोण म्हणणार? दोन्ही बाजूंनी एकही प्रश्न न विचारता सह्या केल्या. दूतसाहेबांनी माझी पाठ थोपटली. ताई, तीन आठवड्यांत पहिल्यांदा मला घरी येऊन झोप लागली.

आता मुद्द्याचं. आईचं काही खरं नाही. पायांना सूज आहे, धाप लागते, आणि डॉक्टर आता औषध बदलत नाहीत, नुसतं 'चालू ठेवा' म्हणतात. ती तुझं नाव घेत नाही. बाबांसमोर न घेण्याची सवय झाली ती झाली. पण मागच्या आठवड्यात तिने मला विचारलं, "पूल उघडणार म्हणतात, तो सगळ्यांनाच का?" एवढंच. मला कळायचं ते कळलं.

तर बुधवार लागला की पूल खुला. बुधवार लागला की निघ. बघ, तुझ्या घरचाच शब्द वापरतोय. आणि दाजींनाही घेऊन ये. हे वाक्य लिहायला मला अकरा वर्षं लागली.

हे पत्र पाहुण्यांच्या टपालाच्या थैलीतून येईल. कुणी फोडणार नाही.

तुझा,
ढापण्या


शुक्रवार, ८ तारीख

ताई,

तू आली नाहीस. आईने बुधवारी सकाळी खुर्ची दाराकडे तोंड करून ठेवायला लावली आणि संध्याकाळपर्यंत बसून राहिली. कुणाची वाट बघताय असं माझी बायको विचारायला गेली, तर आई म्हणाली, "वारा घेतेय." वाऱ्याचा पत्ता नव्हता.

न येण्याचं कारण मला कळतं. मंगळवारी संध्याकाळी पुलावर गडबड झाली ते तुम्हालाही कळलंच असेल. 'गडबड' हा शब्द माझाच. कचेरीचं निवेदन मीच लिहिलं. तुमच्याकडे दिवे लागले, प्रार्थनाघरातून सांगितलं गेलं की बुधवार लागला, पूल खुला. माणसं निघाली. पिशव्या होत्या, एका म्हातारीच्या हातात कोंबडी होती म्हणतात. आपल्या चौकीवर लेखी हुकूम होता: बुधवार, सकाळी सहा. तोवर पुलावर जो पाऊल ठेवेल तो शत्रू. शिपायांनी आधी ओरडून सांगितलं असं आमचे सुरक्षाप्रमुख म्हणतात. कुणीही ओरडलं नाही असं तुमचे म्हणतात. सात जणांना गोळ्या लागल्या. चार गेले. याद्या अजून आमच्या कचेरीला मिळालेल्या नाहीत.

तुमचे म्हणतात, हा दगा आहे, आम्हाला मुद्दाम बोलावून मारलं. आमचे म्हणतात, करार मोडून तुम्ही आदल्या दिवशीच घुसलात. दोन्ही शिष्टमंडळं उठून गेली. दवाखान्याच्या त्या हॉलमध्ये आता मी, टायपिस्टबाई आणि तो तक्ता, एवढेच उरलोय. मी निवेदनात लिहिलं आहे की 'वेळेबाबत उभय पक्षांचा वेगवेगळा समज झाला'. चांगलं वाक्य आहे. समज आपोआप होतो, कुणी करून देत नाही.

चौकशी समिती नेमलीय. दोन्हीकडचे एकेक न्यायाधीश आणि मध्ये दूतसाहेब. मलाही बोलावतील, कागद माझ्या हातचा आहे म्हणून. ही म्हणते, "तुमची बहीण पलीकडे आहे हे तिथे कशाला सांगायला जाता? विचारलं तर बघू." तिचंही चूक नाही. शेजारच्यांनी दोन दिवसांत बोलणं कमी केलंय.

तुमच्याकडचे सगळे ठीक आहेत ना? एक ओळ टाक. थैली अजून चालू आहे, ती तेवढी कुणी बंद केलेली नाही.

ढापण्या


(ताईचं पत्र)

१२ तारीख

तुझं पहिलं पत्र सोमवारी दुपारी मिळालं. मी वाचत होते तर त्यांनी माझ्या हातातून घेतलं आणि मोठ्याने वाचलं, सासूबाईंना ऐकू जावं म्हणून. 'बुधवार लागला की निघ' इथे आले आणि थांबले. म्हणाले, "बघ, लागला म्हणतोय. उजाडला नाही म्हणाला. आपल्या घरचा शब्द लिहिलाय गं तुझ्या भावाने." इतके खूश झाले होते, की ते वाक्य त्यांनी दुकानात जाऊन दोघातिघांना वाचून दाखवलं.

मंगळवारी दिवे लागल्यावर ते निघाले. मला गुडघ्यांमुळे फार चालवत नाही. म्हणाले, "तू सकाळी सावकाश ये. मी आज बघून येतो, गाडी कुठवर जाते, कितपत चालावं लागतं. जमलं तर आईंना भेटूनच येतो, म्हणजे सकाळी तुला बघून त्यांना एकदम धक्का नको बसायला." इस्त्रीचा शर्ट घातला. तुझं पत्र वरच्या खिशात ठेवलं, चौकीवर कुणी विचारलं तर दाखवायला.

बुधवार लागला होता. त्यांनाही गोळी लागली. चार गेले म्हणून लिहितोस ना, त्यातले एक ते.

पत्र मला परत मिळालंय. तुझं अक्षर अजून वाचता येतं.

मला तुझं सांत्वन नको. एकच विचारते. आमची माणसं संध्याकाळी निघतील आणि तुमची सकाळपर्यंत बंदूक धरून बसतील, हे तो शब्द लिहिताना तुझ्या मनात आलं होतं की नाही? हो किंवा नाही, एवढंच लिही. मधलं काही लिहू नकोस.


शनिवार, १६ तारीख

ताई,

काय लिहू? चार दिवस तुझं पत्र खिशात घेऊन फिरतोय. दाजींना मी आयुष्यात दोनदाच पाहिलं. एकदा तुमच्या औषधांच्या दुकानात, मी ओळख न देता खोकल्याचं औषध घेऊन आलो तेव्हा. त्यांनी मला ओळखलं होतं असं मला आता वाटतं, कारण त्यांनी विचारलं होतं, "घरी सगळे बरे?" अनोळखी गिऱ्हाइकाला असं कोण विचारतं? आणि दुसऱ्यांदा तू घर सोडलंस त्या दिवशी, रस्त्याच्या पलीकडे तुझी ट्रंक घेऊन उभे होते. मी दारात होतो. ट्रंक जड होती, हे मला दिसत होतं.

मी अपराधी आहे, हे मी नाकारत नाही. पण तुझ्या प्रश्नाचं उत्तर हो-नाहीत बसणारं नाही गं. तू म्हणशील मधलं लिहू नकोस, पण माझं सगळं आयुष्यच मधलं आहे. लहानपणी तळ्यात-मळ्यात खेळताना मी नेहमी रेषेवर उभा राहायचो आणि बाद व्हायचो, तू हसायचीस.

जरा ऐकून घे. त्या शब्दाला दोन्हीकडच्या दहा-दहा माणसांनी मान्यता दिली. त्यात दोन धर्मगुरू होते, एक निवृत्त न्यायाधीश होता. त्यांच्यापैकी कुणाच्या मनात आलं नाही का? आमच्या सुरक्षाप्रमुखांनी चौकीवर हुकूम पाठवला, तेव्हा 'सकाळी सहा' हे त्यांना कुणी सांगितलं? करारात सहा नव्हते. त्यांनी कुणाला न विचारता घातले. तुमच्या प्रार्थनाघरातून जी घोषणा झाली, ती करणाऱ्याने पुलावर कुणी आहे का हे आधी बघायला नको होतं? आणि दूतसाहेबांचं तर ब्रीदच होतं, 'तपशील नंतर'. वाटाघाटींमध्ये हे असंच चालतं. दोघांना एक शब्द पटला की पुढे जायचं. नेमकं बोलायला गेलं तर एकही करार व्हायचा नाही. साप मेला पाहिजे आणि काठीही मोडता कामा नये, असले शब्द शोधायचे, हेच माझं काम. मी ते चोख केलं, हाच माझा दोष म्हणायचा का?

एक मात्र कबूल करतो. तुझी ती तीन पत्रं बाबांनी परत पाठवली नव्हती. बाबांनी ती पाहिलीही नाहीत. टपालवाला ती माझ्या हातात द्यायचा आणि मी त्यावर लिहायचो, 'सदर व्यक्ती या पत्त्यावर राहत नाही'. तू आईच्या नावाने पाठवली होतीस. आई आतल्या खोलीत होती. घरात वादळ नको, एवढाच विचार होता. वादळ आलं नाही. दुसरंही काही आलं नाही.

हे सांगून टाकलं म्हणजे तुला कळेल की मी काही लपवत नाहीये.

समिती पुढच्या सोमवारी माझा जबाब घेणार आहे. ही म्हणते, "तुम्हाला जे विचारतील तेवढंच बोला, आगाऊपणा नको." आईला मी अजून काही सांगितलेलं नाही. तिची खुर्ची दाराकडेच आहे.

तुझा,
ढापण्या


रविवार, २४ तारीख

ताई,

हो.

माझं चार पानी पत्र तू परत पाठवलंस, आणि खाली एवढंच लिहिलंस: 'हा मसुदा आहे. उत्तर दे.' दोन दिवस मला तुझा राग आला होता. मग कळलं की राग येतोय तो तू बरोबर ओळखलंस म्हणून.

हो, मनात आलं होतं. मी तुला लिहिलं की एकही प्रश्न न विचारता सह्या झाल्या. ते खोटं होतं. एक प्रश्न विचारला गेला होता. टायपिस्टबाईंनी. त्या पुलाजवळच राहतात, आपल्या काठाला. चौथी प्रत टाइप करता करता त्यांनी यंत्रावरचा हात काढला आणि सगळ्यांसमोर विचारलं, "साहेब, लागताच म्हणजे नेमकं कधी हो? पहाटे की संध्याकाळी? चौकीवाल्यांना काय कळवायचं?"

हॉलमध्ये सगळे माझ्याकडे बघायला लागले. ताई, त्या क्षणी मला पूल दिसला. संध्याकाळचा, दिवे लागल्यावरचा, तुमच्याकडून माणसं येताहेत असा. पुरेसा स्पष्ट दिसला. वीस माणसं तिथे होती, पण दोन्ही घरांत दिवस कसा मोजतात हे लहानपणापासून ठाऊक असलेला, आणि ज्याची बहीण तिकडे नांदते असा, मी एकटा होतो. मी म्हणालो, "बाई, लागेल तेव्हा कळेलच की!" सगळे हसले. तीन दिवसांत पहिल्यांदा दोन्हीकडचे एकत्र हसले. तुमचे धर्मगुरू तर डोळे पुसत होते. बाई नाही हसल्या. त्यांनी पान पुढे सरकवलं आणि टाइप करायला लागल्या.

मला तेव्हा बोलता आलं असतं. दहा मिनिटं लागली असती, फार तर आणखी एक दिवस. पण चहा निवून गेला होता, माझी पाठ दुखत होती, मला घरी जायचं होतं. हे कारण म्हणून सांगत नाही. जे होतं ते सांगतोय. माणसं मरतात ती कुणाच्या तरी द्वेषाने, असं आम्ही प्रत्येक अहवालात लिहितो. माझ्या मनात कुणाचाही द्वेष नव्हता. मी दमलो होतो.

वाटलं होतं, दुसऱ्या दिवशी सुरक्षाप्रमुखांना फोन करून सांगून टाकू की संध्याकाळपासून धरा. दुसरा दिवस रविवार. मी फोन करायला बसलो आणि त्याऐवजी तुला पत्र लिहिलं. सोमवारी फोन केला तर ते बैठकीत होते. निरोप ठेवला नाही, कारण निरोप लेखी ठेवायला लागला असता आणि मग शब्दाचे दोन अर्थ होतात हे मीच लिहून दिल्यासारखं झालं असतं. मंगळवारी राहून गेलं.

आणि तुला लिहिलेल्या पत्रात तोच शब्द मी मुद्दाम घातला. तुला बरं वाटावं म्हणून. त्या वेळी मला पूल आठवला का? आठवला. पण तुम्ही संध्याकाळी थोडेच निघणार, तू सकाळीच येशील, असं मनाला सांगितलं. दाजींना तो शब्द एवढा लागेल, हे मात्र मनात आलं नव्हतं. हे एक 'नाही' आहे. तेवढं एकच.

उद्या समितीसमोर हेच सांगणार आहे. बाईंनी कुणाला काही सांगितलेलं नाही. परवा त्या मला म्हणाल्या, "मी माझं तोंड उघडणार नाही साहेब, तुमचं तुम्ही बघा." गप्प राहिलो तर कुणाला कळणार नाही. आमचे तुम्हाला दगाबाज म्हणत राहतील, तुमचे आम्हाला, आणि बोलणी पुन्हा कधी सुरू व्हायची नाहीत. हिला सांगितलं. तिने आधी दाराला कडी घातली. मग म्हणाली, "दोन्हीकडचे मिळून तुम्हाला खातील." मी म्हटलं, निदान मिळून तरी खातील.

भीती वाटते, ताई. तुला लपवून काय उपयोग.

मी


शुक्रवार, २९ तारीख

ताई,

सोमवारी सांगितलं. समितीचा लेखनिक माझ्याच हाताखाली शिकलेला. त्याने मला वाचवायचा प्रयत्न केला. विचारलं, "सर, 'मसुद्यात अनवधानाने संदिग्धता राहिली' असं लिहू का?" वाक्य इतकं गुळगुळीत होतं की क्षणभर मला अभिमान वाटला. मी म्हटलं, नको. 'मला ठाऊक होतं, मला विचारलंही होतं, आणि मी सांगितलं नाही' असं लिही. त्याने लिहिलं. अक्षर अगदीच वाकडं आलं.

हिचं म्हणणं खरं ठरलं. बुधवारी दोन्ही न्यायाधीशांनी एकमताने निकाल दिला: चौकीचा दोष नाही, घोषणा करणाऱ्यांचा दोष नाही, दोष मसुदा लिहिणाऱ्याचा. इतक्या महिन्यांत दोन्ही काठांचं हे पहिलं एकमत. आमच्याकडे म्हणतात, बहीण पलीकडे आहे, तो त्यांचाच माणूस. तुमच्याकडे म्हणत असतील, तो उत्तरेचा आहे, मुद्दाम केलं. दोघांच्या भांडणात तिसऱ्याचा लाभ होतो म्हणतात, समेटात काय होतं ते मला आता कळलं. नोकरी गेली. काल सकाळी पुढच्या खिडकीची काच फुटली. हिने काचा भरल्या, पुठ्ठा लावला आणि चहा टाकला. मला एक शब्द बोलली नाही. तेवढं मी माझ्या पदरात चांगलं म्हणून जमा धरलंय.

पण बोलणी काल पुन्हा सुरू झाली. आणि आजारी माणसांसाठी पाहुण्यांच्या पांढऱ्या गाडीला दर शनिवारी सकाळी दहा वाजता पूल ओलांडायची परवानगी मिळालीय. वेळ आकड्यात लिहिलीय, अक्षरात लिहिलीय, आणि खाली 'सूर्य डोक्यावर येण्यापूर्वी' असंही टाकलंय. माझ्या जागी जो आलाय तो हुशार आहे.

तुझी चिठ्ठी परवा मिळाली. 'आईला पाठव. तू येऊ नकोस.' दहा वेळा वाचली. पहिल्या वाक्यासाठी मी तुझा जन्मभर ऋणी आहे. दुसऱ्यावर माझं काही म्हणणं नाही.

परवाच आईला सगळं सांगितलं. खुर्चीसमोर खाली बसून सांगितलं. करार, शब्द, पूल, दाजी, खिशातलं पत्र, आणि तुझी तीन पत्रंही. मला वाटलं होतं ती रडेल, किंवा मला मारेल. लहानपणी मारायची तसं मारलं असतं तर फार बरं झालं असतं. ती पत्रांपाशी थांबली. म्हणाली, "माझ्या नावाची होती?" मी हो म्हणालो. मग ती स्वतःच्या पायांकडे बघत बसली. शेवटी म्हणाली, "कोणत्या तोंडाने जाऊ मी तिच्या दारात?" आणि माझ्या उत्तराची वाट न बघता म्हणाली, "जाते. गाडी कधीची आहे?"

उद्याची आहे. औषधं निळ्या पिशवीत आहेत. गोल पांढरी सकाळी उपाशीपोटी, लांबट पिवळी जेवणानंतर. ती पिवळी टाळते, तोंडाची चव जाते म्हणून, तेव्हा समोर उभी राहून घ्यायला लाव. पाय उशीवर ठेवूनच झोपायचं. रात्री एकदा उठते, दिवा लागतो. मीठ मागेल, देऊ नकोस. किती दिवस ठेवायचं ते तू ठरव. परत पाठवली नाहीस तरी मी विचारणार नाही.

आणि एक. परवा सगळं ऐकून झाल्यावर मी उठलो, तेव्हा तिने मला हाक मारून थांबवलं. म्हणाली, "त्यांचं नाव काय रे?" मला आधी कळलंच नाही कुणाचं. "जावयाचं," ती म्हणाली. अकरा वर्षं या घरात आम्ही त्यांना 'तो' म्हणत आलो. तिने ते नाव एकदाही उच्चारलेलं नाही. मी सांगितलं. त्यातलं मधलं अक्षर आपल्याकडच्या जिभेवर सहज बसत नाही, तुला माहीत आहे. पहिल्या खेपेला चुकलं, दुसऱ्यालाही चुकलं.

तेव्हापासून ती ते घोकतेय. जेवताना, पाय शेकताना, आता मी हे लिहितोय तेव्हाही शेजारच्या खोलीत चाललंय. मधेच थांबते, मला हाक मारते, "बरोबर येतंय का?" मी म्हणतो, येतंय. अजून पुरतं येत नाही.

उद्या तू दार उघडशील तेव्हा ती आधी तुझं नाही, त्यांचं नाव घेईल. चुकलं तर तिथेच सुधारू नकोस. तिला पुरं म्हणू दे.